पूर्वावलोकन-आवृत्ती, परवाना आणि सक्रियीकरण : एक ऐतिहासिक विवेचन

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, विक्रीस येण्यापूर्वी तिच्या कच्च्या आवृत्त्या परीक्षणार्थ लोकांच्या हाती देण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात चांगलीच रूढ झाली. ह्या आवृत्त्यांस ‘बीटा’, ‘प्रीव्ह्यू’, किंवा नुसते ‘बिल्ड’ अशी नावे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांस पूर्वावलोकन-आवृत्ती ही संज्ञा योजिली आहे. अशा आवृत्त्या वापरणारांच्या तक्रारींत एक तक्रार सातत्याने आढळते. कार्यप्रणाली बसविली, ती चालूही झाली. परंतु ‘आपली प्रत सक्रिय नाही’ असे यंत्र सांगू लागले, अथवा एके दिवशी ते दर दोन तासांनी आपोआप बंद पडू लागले. ह्या तक्रारींकडे केवळ तंत्रज्ञांचा विषय म्हणून पाहण्याची रीत आहे. तथापि ह्या दोषांची उपपत्ती तांत्रिक असण्यापेक्षा ऐतिहासिक अधिक आहे. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हेतूंनी निर्माण झालेल्या चार व्यवस्था पूर्वावलोकन-आवृत्तीत एकत्र आल्या आणि त्यांतील भेद वापरणाराच्या दृष्टीआड झाला, हे त्या दोषांचे मूळ होय.

ह्या चार व्यवस्था कोणत्या, ते प्रथम स्पष्ट केले पाहिजे. पहिली परवाना. हा निर्माता आणि ग्राहक ह्यांच्यातील करार असून त्याचे स्वरूप कायद्याचे आहे. दुसरी प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याची खूण म्हणून दिलेली अक्षरांची व अंकांची मालिका. तिसरी सक्रियीकरण अथवा ॲक्टिव्हेशन. ही खूण विशिष्ट यंत्राशी जोडून तिची नोंद निर्मात्याच्या दप्तरी करण्याची क्रिया. चौथी मुदत, म्हणजे ज्या तारखेनंतर ती आवृत्ती मुळी चालूच नये अशी आतूनच घातलेली मर्यादा. जुन्या दस्तऐवजांच्या परिभाषेत सांगावयाचे तर परवाना हा मजकूर, की ही मुद्रा, सक्रियीकरण ही दप्तरातील नोंद आणि मुदत ही त्या कागदाची कालमर्यादा होय. मजकूर खरा असून नोंद नसणे शक्य आहे. मुद्रा अस्सल असून मुदत संपलेली असणेही शक्य आहे.

१

सॉफ्टवेअर ही स्वतंत्र मूल्य असलेली वस्तू आहे, ही कल्पना संगणकाइतकी जुनी नाही. १९६० च्या दशकात मोठ्या संगणकांबरोबर आज्ञावली सामान्यतः यंत्राच्या किमतीतच मिळत. जून १९६९ मध्ये आय.बी.एम. ह्या कंपनीने आपल्या काही आज्ञावलींची आणि सेवांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले. ह्या निर्णयाने सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र व्यापारास मोठी चालना मिळाली आणि परवाना हा त्या व्यापाराचा पाया ठरला.

घरगुती संगणकांच्या उदयाबरोबर ह्या व्यवस्थेची उणीव उघड झाली. ३ फेब्रुवारी १९७६ ह्या तारखेचे बिल गेट्स ह्यांचे छंदी संगणकप्रेमींस उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र ह्या दृष्टीने महत्त्वाचे साधन आहे. अल्टेअर संगणकासाठी तयार केलेली बेसिक भाषा बहुसंख्य लोक वापरतात, पण यंत्रमालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ती विकत घेतली आहे, अशी त्यांची तक्रार होती. १९८० मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय आज्ञावलींस स्पष्ट स्थान मिळाले. भारतातही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन आज्ञावलींस संरक्षण लाभले. परंतु कायद्याने हक्क मिळाला तरी प्रत करणे थांबले नाही. परिणामी परवान्याची तपासणी यंत्राकडूनच करवून घ्यावी, असा विचार बळावत गेला.

ह्या विचाराचे आरंभीचे रूप अगदी साधे होते. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विक्रीस आलेल्या विंडोज ९५ च्या किरकोळ प्रतीस दहा अंकांची की लागे. तिच्या अखेरच्या सात अंकांची बेरीज सातने निःशेष भागली जाते की नाही, एवढीच काय ती मुख्य परीक्षा होती. ही परीक्षा त्याच यंत्रावर होत असे. बाहेर कोठेही विचारणा केली जात नसे. एकच की शंभर यंत्रांवर वापरली तरी कोणत्याही यंत्रास त्याची वार्ता नसे. अर्थात ही की चोरास अडविणारे कुलूप नव्हती. परवान्याची आठवण करून देणारी ती एक पाटी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

२

पूर्वावलोकन-आवृत्तीचा प्रश्न ह्याहून वेगळा होता. तेथे निर्मात्यास भय होते ते कच्चा खर्डा पक्क्या दप्तरात जाऊन बसण्याचे. अपुरी, दोषयुक्त आवृत्ती लोकांनी फुकट वा अल्प मोलात मिळवून ती वर्षानुवर्षे वापरावी, आणि तिच्यातील दोषांचा बोल पक्क्या आवृत्तीस लागावा, हे कोणत्याही निर्मात्यास परवडणारे नव्हते. म्हणून अशा आवृत्त्यांत मुदत घालण्यात येऊ लागली.

ॲपल कंपनीच्या मॅक ओ.एस. टेन ह्या प्रणालीची सार्वजनिक बीटा आवृत्ती हे ह्याचे निर्मळ उदाहरण आहे. ती १३ सप्टेंबर २००० रोजी २९.९५ डॉलर किमतीस विक्रीस आली. २४ मार्च २००१ रोजी पक्की आवृत्ती निघाली आणि बीटा आवृत्ती १४ मे २००१ नंतर चालेनाशी झाली. तिला सक्रियीकरण नव्हते. तिच्या ग्राहकाने पैसे मोजले होते, त्याचा परवाना अस्सल होता. तरीही ठरल्या दिवशी त्याची प्रत थांबली. मुदत आणि मालकी ह्या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, हे ह्या एका उदाहरणावरून सिद्ध होते.

नेमक्या त्याच सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनी सक्रियीकरणाची व्यवस्था सिद्ध करीत होती. ऑफिस २००० च्या काही देशांतील प्रतींवर तिचा प्रयोग झाला होता. २००१ मध्ये ऑफिस एक्स.पी. आणि २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आलेली विंडोज एक्स.पी. ह्यांत ती सार्वत्रिक झाली. प्रत बसविल्यापासून तीस दिवसांच्या आत इंटरनेटवरून किंवा दूरध्वनीवरून तिची नोंद करणे आवश्यक ठरले. यंत्राच्या ओळखीसाठी सुमारे दहा घटक विचारात घेतले जात. प्रोसेसर, स्मृतीचे प्रमाण, डिस्क, नेटवर्क कार्ड, ग्राफिक कार्ड इत्यादींचा त्यांत समावेश होता. ह्यांपैकी मर्यादित घटक बदलले तर नोंद टिके. मर्यादेबाहेर बदलले तर पुन्हा नोंद करावी लागे.

ह्या व्यवस्थेविषयी जनमानसात मोठी शंका होती. आपल्या यंत्राची इत्थंभूत माहिती कंपनीकडे जाते काय, हा प्रश्न विचारला जात होता. त्याचे पहिले विश्वसनीय उत्तर पूर्वावलोकन-आवृत्तीच्याच अभ्यासातून मिळाले, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुलै २००१ मध्ये, म्हणजे पक्की आवृत्ती निघण्यापूर्वीच, बर्लिन येथील फुल्ली लायसन्स्ड ह्या संस्थेने विंडोज एक्स.पी. च्या पहिल्या ‘रिलीज कँडिडेट’ आवृत्तीचे पृथक्करण प्रसिद्ध केले. प्रत्येक घटकाच्या ओळखीचे गणिती संक्षेपण होऊन त्याचे केवळ काही बिट, बहुधा तीन ते दहा, पाठविले जातात. त्यांवरून मूळ घटक निश्चितपणे ओळखता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कच्च्या आवृत्तीने पक्क्या आवृत्तीविषयीचा एक सार्वजनिक वाद बऱ्याच अंशी निकालात काढला, असे हे विरळ उदाहरण आहे.

३

सक्रियीकरणाने पुराव्याचा भार फिरविला. पूर्वी ग्राहक अनधिकृत आहे हे निर्मात्यास सिद्ध करावे लागे. आता आपण अधिकृत आहो हे ग्राहकास, किंबहुना त्याच्या वतीने त्याच्या यंत्रास, सिद्ध करावे लागू लागले. पुरावा तपासणारे दप्तरच चुकले तर काय होते, ह्याचा प्रत्यय ऑगस्ट २००७ मध्ये आला. विंडोज एक्स.पी. व विस्टा ह्यांच्या प्रतींची सत्यता पडताळणाऱ्या सर्व्हरांवर, प्रत्यक्ष वापरासाठी अद्याप सिद्ध नसलेली आज्ञावली मानवी चुकीने चढविली गेली. २४ आणि २५ ऑगस्ट ह्या दिवशी, एका दिवसाहून काहीशा कमी काळात, अस्सल प्रतींसही बनावट ठरविण्यात आले. बाधित यंत्रांची संख्या बारा हजारांहून कमी होती, असे कंपनीने नंतर सांगितले. संख्या अल्प असली तरी घटनेचा अर्थ अल्प नाही. येथे पूर्वावलोकन-अवस्थेतील वस्तू ग्राहकाच्या यंत्रावर नसून परीक्षकाच्या दप्तरात होती; परीक्षकच कच्चा होता आणि शिक्षा मात्र अस्सल ग्राहकास झाली.

मोठ्या संस्थांसाठी विस्टाच्या काळात आणखी एक व्यवस्था आली. तिला के.एम.एस. म्हणतात. हिच्यात संस्थेच्या आवारातील एक सर्व्हर इतर यंत्रांची नोंद करतो. किमान २५ संगणकांनी विचारणा केल्याखेरीज तो साध्या कार्यप्रणालीस मान्यता देत नाही; सर्व्हर-प्रणालींसाठी ही संख्या ५ आहे. मान्यता १८० दिवसांची असून यंत्र तिचे नूतनीकरण दर सात दिवसांनी करू पाहते. ह्या व्यवस्थेने विद्यापीठे व कचेऱ्या ह्यांची सोय झाली. पण तिच्यातच पुढील एका दोषाचे बीज होते. नोंद करणारा सर्व्हर जुना आणि नोंद मागणारी प्रणाली नवी असेल, तर जुन्या सर्व्हरास नव्या प्रणालीची ओळखच पटत नाही. पूर्वावलोकन-आवृत्ती ही तर व्याख्येनेच सर्वांहून नवी असते.

४

पुढे पूर्वावलोकन-आवृत्ती मोजक्या परीक्षकांपुरती राहिली नाही. जानेवारी २००९ मध्ये विंडोज ७ ची बीटा आवृत्ती जाहीर झाली तेव्हा २५ लाख प्रतींची मर्यादा घालण्यात आली होती. मागणीच्या रेट्यापुढे सर्व्हर कोलमडले आणि ती मर्यादा मागे घ्यावी लागली. ह्या आवृत्तीची मुदत १ ऑगस्ट २००९ होती. तत्पूर्वी १ जुलैपासून यंत्र दर दोन तासांनी बंद होऊ लागे. त्यानंतरच्या ‘रिलीज कँडिडेट’ आवृत्तीत हीच रीत १ मार्च २०१० पासून लागू होऊन १ जून २०१० रोजी मुदत संपली. कित्येकांनी ह्या बंद पडण्यास यंत्राचा बिघाड मानले, कित्येकांनी नवी की शोधली. वस्तुतः येथे कीचा काही संबंध नव्हता. मुदतीने संपलेल्या कागदावर दुसरी मुद्रा उठविल्याने तो जिवंत होत नाही.

विंडोज ८ च्या फेब्रुवारी २०१२ मधील ‘कन्झ्यूमर प्रीव्ह्यू’ आवृत्तीत कंपनीने एकच की सर्वांसाठी जाहीर केली. ह्यामुळे कीचा मूळ अर्थच पालटला. विशिष्ट व्यक्तीच्या परवान्याची खूण असलेली की आता केवळ आवृत्तीचा प्रकार सांगणारे चिन्ह झाली. जाहीर की मिळाली म्हणजे परवाना मिळाला, हा पुढे दृढ झालेला गैरसमज ह्या पालटातून उद्भवला.

ह्या गैरसमजाची कसोटी २०१५ मध्ये लागली. १ ऑक्टोबर २०१४ पासून विंडोज १० ची ‘टेक्निकल प्रीव्ह्यू’ आवृत्ती ‘इन्सायडर’ योजनेतील सभासदांस मिळू लागली. तिच्या निरनिराळ्या बिल्डांस निरनिराळ्या मुदती होत्या. पक्की आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी निघणार होती आणि विंडोज ७ व ८.१ च्या अस्सल ग्राहकांस ती एका वर्षापर्यंत विनामूल्य मिळणार होती. मग ज्यांनी महिनोन्महिने कच्ची आवृत्ती चालविली, दोष कळविले, त्यांस काय मिळणार? जून २०१५ मध्ये कंपनीच्या अधिकृत निवेदनातून, असे परीक्षक पक्क्या आवृत्तीवर सक्रिय राहतील, असा अर्थ निघत होता. अल्पावधीतच त्या निवेदनाचे शब्द बदलण्यात आले आणि विनामूल्य हक्क पूर्वीच्या अस्सल प्रतीवरूनच प्राप्त होतो, असा खुलासा झाला. जो परीक्षक म्हणून योजनेत राहील त्याच्या कच्च्या आवृत्त्या सक्रिय राहतील. पण तेवढ्याने त्यास पक्क्या आवृत्तीचा कायम परवाना मिळणार नाही, हा त्याचा मथितार्थ होता.

ह्या पाठभेदाचे महत्त्व शब्दांपुरते नाही. परीक्षकाचे श्रम हे परवान्याचे मोल ठरू शकतात काय, हा प्रश्न त्यात गुंतलेला होता. निर्मात्याचे उत्तर नकारार्थी होते. कराराच्या दृष्टीने ते सुसंगत आहे हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्यांनी आपला वेळ व आपली यंत्रे खर्ची घातली त्यांना ते उत्तर अखेरच्या टप्प्यावर, तेही शब्द पालटून मिळाले, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षी सक्रियीकरणाचे स्वरूपही बदलले. विंडोज १० मध्ये ‘डिजिटल एन्टायटलमेंट’ ही पद्धती आली. तिलाच २०१६ पासून ‘डिजिटल लायसन्स’ म्हणतात. अस्सल जुन्या प्रतीवरून बढती घेतलेल्या यंत्राची ओळख कंपनीच्या सर्व्हरावर नोंदली जाई आणि पुढे की टंकित करण्याची गरज उरत नसे. परंतु जुनी प्रत पुसून थेट नवी बसविणाऱ्याची अशी नोंद झालेलीच नसे. ह्या अडचणीवर उपाय प्रथम पूर्वावलोकन-आवृत्तीतच आला. ऑक्टोबर २०१५ मधील १०५६५ क्रमांकाच्या बिल्डात विंडोज ७, ८ व ८.१ ह्यांच्या की थेट स्वीकारल्या जाऊ लागल्या. हा मार्ग बंद झाल्याचे कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

५

वरील इतिहासावरून दोषनिदानाचा क्रम आपोआप निष्पन्न होतो. प्रथम मुदत पाहावी. ‘विनव्हर’ ही आज्ञा दिली असता बिल्डाचा क्रमांक व मुदतीची तारीख दिसते. यंत्राचे घड्याळ बरोबर आहे की नाही, हेही त्याच वेळी तपासावे. मुदत संपली असल्यास नव्या बिल्डाखेरीज उपाय नाही. दुसरे, आवृत्तीचा प्रकार पाहावा. होम प्रकाराचा परवाना असलेल्या यंत्रावर प्रो प्रकार बसविला असल्यास नोंद जुळत नाही. तिसरे, प्रत कोणत्या मार्गाने आली ते पाहावे. सक्रिय प्रतीवरून बढती घेतली असल्यास हक्क पुढे चालत येतो. ज्या यंत्राची पूर्वी कधीच नोंद झाली नाही त्यावर जाहीर की घालून तो निर्माण होत नाही. चौथे, मदरबोर्डासारखा प्रमुख घटक बदलला आहे काय ते पाहावे. तसे असल्यास, परवाना पूर्वी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असला तर तो प्रणालीतील दोषनिवारकाच्या साहाय्याने पुन्हा जोडता येतो.

संस्थेतील यंत्रांच्या बाबतीत दोषसंकेत अधिक बोलके असतात. ‘सी००४एफ०७४’ हा संकेत के.एम.एस. सर्व्हराशी संपर्क होत नसल्याचे सांगतो. ‘सी००४एफ०३८’ हा विचारणा करणाऱ्या यंत्रांची संख्या अपुरी असल्याचा निदर्शक आहे. ‘सी००४एफ०६सी’ हा यंत्र व सर्व्हर ह्यांच्या घड्याळांत चार तासांहून अधिक अंतर पडल्याचा परिणाम असतो. हे सर्व निर्दोष असूनही नवे बिल्ड नाकारले जात असेल, तर सर्व्हरास त्या प्रणालीची ओळख करून देणारी सुधारणा मिळाली आहे काय, ह्याचा शोध घ्यावा.

अखेरची शक्यता निर्मात्याच्या दप्तरातील चुकीची. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी विंडोज १० प्रो वापरणाऱ्या अनेकांस, आपला परवाना होम प्रकाराचा आहे, असे यंत्र सांगू लागले; ‘सी००४सी००३’ हा संकेतही दिसू लागला. दोष कंपनीच्या सक्रियीकरण-सेवेत होता आणि थोड्याच अवधीत तो दूर झाला. ज्यांनी घाईने प्रणाली पुसून नव्याने बसविली त्यांचे श्रम व्यर्थ गेले. जे थांबले त्यांची नोंद आपोआप पूर्ववत झाली. काल सक्रिय असलेली अनेक यंत्रे आज एकाच वेळी निष्क्रिय झाली, तर दोष आपल्या घरी नाही असे समजून प्रतीक्षा करणे, हाच येथे इतिहासाचा बोध होय.

६

ह्या प्रकरणाचा इतिहाससंशोधनाशी थेट संबंध आहे. पूर्वावलोकन-आवृत्त्या हे सॉफ्टवेअरच्या इतिहासाचे खर्डे होत. कोणती कल्पना केव्हा आली, कोणती टाकून दिली गेली, कोणता दोष माहीत असूनही राहिला, हे पक्क्या आवृत्तीवरून कळत नाही, खर्ड्यांवरूनच कळते. २००१ मधील बर्लिनच्या पृथक्करणाचे उदाहरण वर आलेच आहे. परंतु हे खर्डे वाचावयाचे तर ते चालवावे लागतात, आणि ते चालू नयेत अशी तजवीज त्यांतच केलेली आहे. कसर लागून कागद नष्ट होतो तो अनवधानाने. येथे नाश पूर्वनियोजित आहे. मुदतबंद बिल्ड आभासी यंत्रात, त्या काळाची तारीख लावून चालविता येते. परंतु मुदतीबरोबर ते चालविण्याचा परवानाही संपलेला असतो. ज्या बिल्डास सक्रियीकरण लागते त्याचे भवितव्य तर परक्या सर्व्हराच्या आयुष्यावर अवलंबून आहे.

कायद्याने ह्या अडचणीची अंशतः दखल घेतली आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असे तांत्रिक अडसर ओलांडण्यास मनाई केली. परंतु ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रंथालये, अभिलेखागारे व संग्रहालये ह्यांना सॉफ्टवेअरच्या जतनासाठी मर्यादित सूट देण्यात आली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ घालण्यात आले. त्यातील गुन्हा हक्कभंगाच्या हेतूशी जोडलेला आहे. ह्या तरतुदींच्या मर्यादेत राहून किती साधने वाचविता येतील, हे संस्थांच्या तत्परतेवर अवलंबून आहे. प्रत्येक बिल्डाबरोबर त्याचा क्रमांक, मुदत, परवान्याचा मजकूर आणि सक्रियीकरणाची रीत ह्यांची नोंद करून ठेवणे एवढे तरी आजच्या अभिलेखपालास करता येण्याजोगे आहे.

सारांश, पूर्वावलोकन-आवृत्तीतील परवान्याचे दोष हे चार व्यवस्थांच्या सरमिसळीतून उत्पन्न होतात. त्यांतील प्रत्येक व्यवस्था आपापल्या काळी सकारण निर्माण झाली. मुदतीने निर्मात्याची कीर्ती राखली, कीने परवान्याची आठवण ठेविली, सक्रियीकरणाने विक्री राखली. वापरणाऱ्याचा हक्क राखणारी व्यवस्था मात्र ह्यांत स्वतंत्रपणे कधीच निर्माण झाली नाही. २००७, २०१५ व २०१८ ह्या तिन्ही प्रसंगी ती उणीव दिसून आली. ह्या उणिवेचा विचार जोवर होत नाही, तोवर यंत्राने दिलेला ‘सक्रिय नाही’ हा निर्णय अंतिम न मानता, तो चारांपैकी कोणत्या दप्तरातून आला आहे हे पाहणे, हे तंत्रज्ञाचे आणि इतिहासकाराचेही कर्तव्य ठरते.